लिनक्स टाकताना पीसी हँग होतोय? कुठे अडकतो ते आधी पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे सोलापुरातल्या कितीतरी घरांत चौथ्या-सहाव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह पीसी चांगले चालत असूनही अडचणीत आले आहेत. मुलांचा अभ्यास, जीएसटीचे हिशेब, ऑनलाइन फॉर्म यांसाठी ते अजून चार-पाच वर्षे सहज चालतील. त्यावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचा मिंट किंवा उबुंटू हा प्रकार, टाकणे हा सरळ मार्ग आहे. पण पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू केले आणि मध्येच पडदा गोठला की माणूस नाद सोडतो. 'आपल्या मशीनला लिनक्स चालत नाही' असे ठरवून कुणीतरी दिलेले जुने विंडोज पुन्हा टाकून मोकळा होतो. पीसी वाया जाऊ नये आणि घरच्यांचे पैसे वाचावेत, म्हणून हा लेख सविस्तर लिहितो आहे.

हँग होण्यामागे ठराविक कारणे असतात: बिघडलेला पेनड्राइव्ह, ग्राफिक्स कार्डाचे न जुळणे, कमी किंवा खराब रॅम, मरायला टेकलेली हार्ड डिस्क, उष्णता आणि वीज. मशीन नेमके कोणत्या टप्प्यावर थांबते यावरून यातले कुठले कारण हे बऱ्यापैकी कळते. म्हणून आधी बघायचे, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकदम चार सेटिंग बदलले आणि नशिबाने चालले, तरी कशाने चालले ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच होते.

टाइप करायचे शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. महत्त्वाच्या शब्दांची इंग्रजी अक्षरे फोनवर सांगावीत तशी एकेक करून दिली आहेत. वेगळे सांगितले नसेल तर ती छोट्या लिपीत टाइप करा. 'जागा' म्हणजे स्पेस बार.

सुरुवातीआधी

डेटाची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. लग्नाचे फोटो, टॅलीचा बॅकअप, मुलांची प्रमाणपत्रे, सगळे. इन्स्टॉल अर्ध्यात अडकले की पार्टिशनचे, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याचे, काम अर्धवट राहू शकते, आणि त्या क्षणी कॉपी नसेल तर पुढचे कुठलेच पाऊल निर्धास्तपणे टाकता येत नाही.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क सांकेतिक कुलपात ठेवणारी सोय, चालू आहे का तेही पाहा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. पुढे आपण बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, हात घालणार आहोत, आणि बायोसचे सेटिंग बदलल्यावर बिटलॉकर ती ४८ अंकी की मागू शकतो.

विंडोजही ठेवायचे असेल तर त्यातले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' म्हटले तरी विंडोज अर्धे झोपलेलेच असते आणि त्याचे पार्टिशन कुलूपबंद राहते. लिनक्सचा इन्स्टॉलर तिथे जागा कमी करायला गेला की अडतो किंवा नकार देतो. सेटिंग सापडत नसेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. तेवढ्यापुरते ते पूर्ण बंद होते.

खरेच हँग झाले आहे का?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण 'हँग झाले' म्हणून बटण दाबून बंद केलेली अनेक इन्स्टॉलेशन प्रत्यक्षात चालू असतात. जुनी हार्ड डिस्क, यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह आणि ४ जीबी रॅम असेल तर पट्टी एकाच जागी बराच वेळ उभी दिसते. अर्धा तास धीर धरा, आणि तोवर हे तपासा.

कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जिवंत आहे आणि फक्त पडदा किंवा इन्स्टॉलर अडकला आहे. दिवा हलत नसेल तर बहुधा सगळेच थांबले आहे. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नल कोसळला आहे. वायरलेस किंवा दिवा नसलेल्या कीबोर्डवर हे कळत नाही, म्हणून शेजाऱ्याचा का होईना, एक साधा वायरवाला कीबोर्ड आणून ठेवा.

मग कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा आणि पेनड्राइव्हचा दिवा पाहा. तो थांबून थांबून मिचकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका.

कर्नल जिवंत वाटत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मागितले तर उबुंटूच्या लाइव्ह (थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) सत्रात नाव 'उबुंटू', मिंटमध्ये 'मिंट', आणि पासवर्ड रिकामा. तिथे 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालवा: एस-यू-डी-ओ, जागा, डी-एम-ई-एस-जी, जागा, हायफन, डब्ल्यू. कर्नल काय म्हणतो आहे ते ओळीमागून ओळ दिसू लागते. या ओळी म्हणजे निदानाचा अर्धा भाग. त्यांचा मोबाइलने फोटो काढा. मूळ पडद्यावर परतायला कंट्रोल-ऑल्टसोबत एफ-७, एफ-१ किंवा एफ-२ करून पाहा. डिस्ट्रोनुसार, म्हणजे लिनक्सच्या प्रकारानुसार, हे बदलते.

सगळेच बंद पडले असेल तरी थेट पॉवर बटण दाबून धरू नका. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही दोन्ही बटणे दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे सावकाश एकामागून एक दाबा. पहिल्याने डिस्कवरचे लिखाण पूर्ण होते, दुसऱ्याने डिस्क फक्त-वाचण्याच्या स्थितीत जाते, तिसऱ्याने मशीन पुन्हा सुरू होते. यानेही काही हलले नाही तरच पॉवर बटण.

कुठे अडकतो ते लिहून घ्या

एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: पेनड्राइव्हचा मेनू येतो का? मेनूनंतर काळा पडदा होतो का? डेस्कटॉप दिसून थोड्या वेळाने गोठतो का? फायली कॉपी होताना अडकतो का, आणि दर वेळी त्याच टक्क्यावर का? बूटलोडर (पीसी सुरू होताना लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्राम) बसवताना? की सगळे पार पडून पहिल्याच बूटला?

दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर दोष ठरावीक आहे: फाइल, ड्रायव्हर किंवा डिस्कवरची एक जागा. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल तर संशय रॅम, उष्णता आणि विजेकडे वळवा. एवढ्या एका फरकाने निम्मा शोध वाचतो. म्हणून काहीही न बदलता तेच इन्स्टॉलेशन किमान दोनदा करून पाहा, आणि दोन्ही वेळा वेळ व टप्पा टिपा.

मेनूच येत नाही किंवा दर वेळी त्याच टक्क्यावर थांबते: पेनड्राइव्ह

डाउनलोड केलेली आयएसओ फाइल, म्हणजे लिनक्सची इन्स्टॉल फाइल, पूर्ण आणि शुद्ध आहे का ते पाहण्यासाठी तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची ओळख) काढायचा आणि अधिकृत साइटवर दिलेल्या आकड्याशी ताडायचा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'सीआरसी एसएचए' मध्ये एसएचए-२५६ निवडा. चौसष्ट अक्षरे जशीच्या तशी जुळली पाहिजेत. एकही वेगळे असेल तर फाइल पुन्हा उतरवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीन-चार जीबी उतरवताना मध्येच रेंज गेली की फाइल अर्धवट राहते आणि ते नावावरून किंवा चिन्हावरून कळत नाही.

मग पेनड्राइव्ह स्वतः. बाजारात ६४ जीबी लिहिलेले पण आत खरी मेमरी फार थोडी असलेले पेनड्राइव्ह मिळतात. त्यात फाइल कॉपी झालेली दिसते, पण वाचायला गेले की कचरा येतो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचे मोफत साधन विंडोजवर पूर्ण पेनड्राइव्ह भरून आणि वाचून खरी क्षमता सांगते. लिनक्सवर तेच काम एफ-थ्री करते. दोन्हीत पेनड्राइव्ह रिकामा करून तपासा. नवी पेठेत किंवा कुठेही घेताना बिलासह, ओळखीच्या ब्रँडचा १६ किंवा ३२ जीबीचा घ्या. या कामाला त्याहून मोठा लागतच नाही.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह रुफस या साधनाने बनवत असाल तर ते 'आयएसओ' की 'डीडी' असा प्रश्न विचारते. आधी आयएसओ निवडा. त्याने अडकले तर तोच पेनड्राइव्ह डीडी पद्धतीने पुन्हा बनवा. त्याऐवजी व्हेंटॉय हे साधन वापरत असाल आणि अडकत असेल, तर एकदा व्हेंटॉयशिवाय बनवून पाहा.

आणखी एक साधी गोष्ट: पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला न लावता मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा, आणि शक्यतो काळ्या यूएसबी २.० पोर्टला. पुढच्या पोर्टची आतली वायर ढिली झाली की पेनड्राइव्ह क्षणभर तुटतो आणि इन्स्टॉलर तिथेच गोठतो. डीमेसेजच्या ओळींत 'स्क्वॉशएफएस एरर' असे दिसले तर दोष जवळजवळ नक्कीच पेनड्राइव्ह, पोर्ट किंवा आयएसओचा आहे. तेव्हा हार्ड डिस्क बदलायला धावू नका.

मेनूनंतर काळा पडदा: ग्राफिक्स

घरच्या पीसीवर सर्वांत जास्त आढळते ते हे. मेनू दिसतो, एंटर दाबतो, लोगो येतो आणि पडदा काळा होतो किंवा लोगोवरच थिजतो. एनव्हिडियाचे वेगळे कार्ड असेल तर पहिला संशय त्यावर घ्या. लिनक्समध्ये त्यासाठी नूवो नावाचा मुक्त ड्रायव्हर आधीपासून असतो, आणि काही कार्डांशी त्याचे जमत नाही.

सोपा उपाय मेनूतच आहे. उबुंटूच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' आणि मिंटच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' अशी ओळ असते, ती निवडा. त्यानेही अडले तर हाताने बदल करा:

१. मेनूतल्या पहिल्या ओळीवर थांबा आणि ई दाबा. आता त्या ओळीमागचा मजकूर दिसेल.

२. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे 'क्वायट स्प्लॅश' हे दोन शब्द असतात.

३. ते दोन्ही खोडा आणि त्यांच्या जागी नोमोडसेट लिहा: एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सलग. ओळीत तीन हायफन एकत्र असतील तर हा शब्द त्यांच्या आधी आला पाहिजे, दोन्ही बाजूंना जागा सोडून.

४. एफ-१० किंवा कंट्रोल-एक्स दाबा.

'क्वायट स्प्लॅश' काढल्याचा फायदा मोठा आहे. लोगोच्या पडद्याआड जे चालले होते ते आता ओळींच्या रूपात दिसते, आणि मशीन थांबले तर शेवटची ओळ समोर राहते. नोमोडसेट जोडूनही अडकत असेल तर हीच ओळ पुढचा रस्ता दाखवते. तिचा फोटो काढा.

नोमोडसेटने डेस्कटॉप आला तर तो मोठ्या अक्षरांचा, कमी रेझोल्युशनचा आणि जरा जड वाटेल. काळजी नको, हे तात्पुरते आहे. इन्स्टॉल पूर्ण करा. पहिल्या बूटला ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, मेनू न दिसल्यास मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून तो आणा आणि तोच शब्द पुन्हा जोडा. आत गेल्यावर मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' किंवा उबुंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडून जो ड्रायव्हर 'रेकमेंडेड' दाखवला असेल तो टाका आणि पुन्हा सुरू करा. यानंतर नोमोडसेटची गरज राहत नाही. तो कायमचा ठेवू नका. ठेवला तर व्हिडिओ अडखळतात आणि प्रोसेसरवर उगाच भार पडतो.

प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेल्या पीसीवर आणखी एक युक्ती आहे. एनव्हिडियाचे कार्ड स्क्रू काढून बाहेर घ्या, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा, इन्स्टॉल करा आणि ड्रायव्हरचे काम नंतर पाहा. माझ्या मते जुन्या जीटी ७१० सारख्या कार्डांच्या बाबतीत ते बाहेर ठेवूनच पीसी वापरणे बरे. आतल्या ग्राफिक्सवर यूट्यूब आणि ऑफिसचे काम नीट होते, आणि कॅबिनेटमध्ये तेवढी उष्णता कमी.

डेस्कटॉप येतो, मग थोड्या वेळाने गोठतो

यात मशीन जुळणी करताना वापरलेला प्रोसेसर पाहावा लागतो. इंटेलचे सेलेरॉन जे-१८००, जे-१९०० किंवा लॅपटॉपमधले एन-२८४० अशा 'बे ट्रेल' पिढीच्या चिप रिकाम्या बसल्या असताना खोल झोपेत जातात आणि लिनक्सवर तिथेच थिजतात, हा त्यांचा जुना आणि बराच चर्चिलेला दोष आहे. त्यावर उपाय म्हणून वरच्याच पद्धतीने 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' हा पर्याय जोडतात. अक्षरे अशी: आय-एन-टी-ई-एल, खालची रेघ, आय-डी-एल-ई, टिंब, एम-ए-एक्स, खालची रेघ, सी-एस-टी-ए-टी-ई, बरोबरचे चिन्ह, १. मधे कुठेही जागा नको.

एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझनवरही रिकाम्या वेळी गोठण्याचा प्रकार होतो. तिथे बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून ते 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवा. हा पर्याय दिसत नसेल तर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करा, पण वीज जाणार नाही अशा वेळी.

रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी सेटिंग बायोसमध्ये चालू असेल तर इन्स्टॉलपुरते बंद करा. कुणी ओव्हरक्लॉक केले असेल तर 'लोड डिफॉल्ट्स' निवडून सगळे मुळावर आणा. त्यानंतर सताचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआय आहे ना ते पुन्हा पाहा. तो 'रेड' किंवा 'आरएसटी' वर असेल तर लिनक्सला डिस्क दिसत नाही किंवा इन्स्टॉलर पुढे सरकत नाही. विंडोजही ठेवायचे असल्यास हा मोड थेट बदलू नका, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजमध्ये एमएस-कॉन्फिग उघडून सेफ बूट निवडा, मग बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या आणि मग सेफ बूटची खूण काढा.

'एसीपीआय=ऑफ' हा पर्याय बरेच जण पहिल्यांदाच सुचवतात. मी तो शेवटचा म्हणून ठेवतो. त्याने पंख्याचे नियंत्रण, बॅटरी आणि बंद करण्याचे बटण यांचे काम बिघडू शकते.

रॅम कमी की खराब?

उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपला किमान ४ जीबी रॅम धरली आहे. पेनड्राइव्हवरून चालणारे लाइव्ह सत्र त्याच रॅममधून जागा घेते, म्हणून २ जीबीच्या मशीनवर ब्राउझर उघडून बसलात की इन्स्टॉलर गुदमरतो. अशा पीसीवर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू घ्या आणि इन्स्टॉल चालू असताना दुसरे काही उघडू नका. बजेट असेल तर रॅम ८ जीबी करा. जुन्या पीसीवरचा हा सर्वांत उपयोगी खर्च, त्यानंतर एसएसडी.

रॅम खराब असेल तर मात्र अडकण्याला ताळतंत्र राहत नाही. पेनड्राइव्हच्या मेनूत 'मेमरी टेस्ट' असल्यास ती चालवा, नसल्यास मेमटेस्ट८६+ वेगळ्या पेनड्राइव्हवर टाका. २०२२ पासूनची आवृत्ती यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मशीनवरही चालते. एक पूर्ण फेरी होऊ द्या, शक्य असेल तर रात्रभर. लाल रंगाची एकही चूक दिसली तरी ती रॅम संशयित. दोन स्टिक असतील तर एकेक लावून तपासा, मग त्याच स्टिकचा स्लॉट बदलून तपासा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते उघड होईल.

स्टिक काढताना पीसीची वायर भिंतीतून काढलेली असावी आणि हात कॅबिनेटच्या धातूला एकदा लावलेला असावा. सोनेरी पट्ट्या मळल्या असतील तर पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झाडा आणि दोन्ही कड्या 'टक्' आवाज करतील इतके दाबून बसवा.

सूत, धूळ आणि ऊन

सोलापुरात हा भाग टाळून चालणारच नाही. पूर्व भागात यंत्रमाग घरालगत किंवा घरातच असतात, आणि चादर-टॉवेलच्या मागावरून उडणारे बारीक तूस दाराखिडक्या लावल्या तरी आत येते. कॅबिनेटची डावी पाटी उघडून प्रोसेसरवरचा पंखा पाहा. वरून तो स्वच्छ दिसेल. पण चार खिळे सोडवून पंखा उचलला की खाली हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी रंगाचा थर सापडतो. तो धुळीसारखा झडत नाही. सुताचे तंतू एकमेकांत गुंतून तो नमद्यासारखा घट्ट झालेला असतो, बोटाने धरून अख्खा सोलून निघतो, आणि त्यातून हवा अजिबात जात नाही. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो आणि प्रोसेसर तापतच राहतो.

इन्स्टॉलेशनच्या वेळी फायली उलगडण्याचे काम प्रोसेसरला सलग राबवते. एप्रिल-मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडलेला, पत्र्याची खोली, दुपारची वेळ. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि इन्स्टॉल अडकल्यासारखे दिसते. आणखी तापला तर मशीन एकदम बंद पडते. गोठून मग अचानक बंद होणे ही उष्णतेची ठळक खूण आहे.

हा थर हाताने काढा, मग रंगकामाच्या मऊ ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून त्याचे बेअरिंग जाते. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, जाळीतूनही हवा मारा, पण तो उघडू नका. बंद असतानाही आत विजेचा घातक दाब साठलेला असतो. पंखा काढलाच आहे तर जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावा. ज्यांच्या घरी माग आहे त्यांनी ही साफसफाई दर दोन-तीन महिन्यांनी करावी आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावे, कारण तूस खालीच साचते.

लाइव्ह सत्रात 'सेन्सर्स' ही आज्ञा असेल तर तापमान दिसते. कामाच्या वेळी ते ९० अंशांच्या वर जात असेल तर आधी साफसफाई, मग इन्स्टॉल. उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा सकाळी लवकर उरका.

विजेचेही तसेच. व्होल्टेज खाली-वर होत असेल आणि एसएमपीएस सात-आठ वर्षांचा असेल तर जोराचे काम आले की मशीन थिजू शकते. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असल्यास त्यावरचे बटण 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. 'इको' किंवा साध्या मोडवर वीज जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, पीसीला चालत नाही.

फायली कॉपी होताना अडकते: हार्ड डिस्क

आता डीमेसेजच्या ओळी उपयोगी पडतात. 'एटीए' ने सुरू होणाऱ्या ओळींत 'फेल्ड कमांड' किंवा 'आय/ओ एरर' आणि सोबत एसडीए हे नाव आले तर बहुधा बोट हार्ड डिस्ककडे आहे. बहुधा म्हणायचे कारण, काही मशीनवर पेनड्राइव्हलाच एसडीए किंवा एसडीबी नाव मिळते. त्यामुळे आकारावरून ओळखा: ५०० जीबी ती डिस्क, १६ जीबी तो पेनड्राइव्ह.

लाइव्ह सत्रात 'डिस्क्स' हे अॅप उघडा, डिस्क निवडा आणि मेनूतून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, पाहा. तीन ओळी वाचा. क्रमांक ५ म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न येणाऱ्या, निकाल लागायच्या बाकी जागा. क्रमांक १९९ म्हणजे केबलवर झालेल्या चुका. १९७ शून्याहून जास्त असेल तर या डिस्कवर नवी सिस्टीम टाकू नका, आधी डेटा काढा. पाच वाढत चालला असेल तर तेच. पण फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क ठीक असू शकते. सताची केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा आणि पुन्हा करून पाहा. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलसाठी चांगली डिस्क टाकून देऊ नये.

एनव्हीएमई एसएसडीवर अडकत असेल तर तिची वीज वाचवण्याची सवय बंद करणारा एक पर्याय आहे, 'एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०'. लांब आहे, म्हणून तो मोबाइलवर शोधून अक्षर न् अक्षर ताडून टाका.

शेवटच्या टप्प्यात अडकते

इंटरनेटची केबल काढा, वायफाय जोडू नका आणि 'इन्स्टॉल करताना अपडेट उतरवा' ची खूण काढा. सुस्त नेटवर हा टप्पा तासभर रेंगाळतो आणि लोकांना हँग वाटतो. अपडेट नंतर निवांत घेता येतात.

बूटलोडर बसवताना इन्स्टॉलर जोडलेल्या सगळ्या डिस्क चाचपतो. जुनी आजारी डिस्क, कार्ड रीडर, दुसरा पेनड्राइव्ह, मोबाइल असे काही लावलेले असेल ते काढून फक्त लागणारी डिस्क आणि इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह ठेवा. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेले असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू करा. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातली 'यूईएफआय' लिहिलेली ओळ घ्या. लाइव्ह सत्रात 'सिस' या फोल्डरमधल्या 'फर्मवेअर' मध्ये 'ईएफआय' फोल्डर दिसला तर तुम्ही बरोबर पद्धतीत आहात. विंडोजने केलेले ईएफआय पार्टिशन पुष्कळदा १०० एमबीचेच असते. ते भरलेले असेल तर इथे चूक येते.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारे सेटिंग, यामुळे मिंट आणि उबुंटू सहसा अडत नाहीत. पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना तो पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो मागतो. तिथे घाईने 'कंटिन्यू' दाबले तर ड्रायव्हर चालत नाही. 'एनरोल एमओके' निवडायचे.

भाषा निवडताना इंटरफेस खुशाल मराठी करा, आपल्याकडे कुणाला तेलुगू किंवा कन्नड हवी असेल तर तीही आहे. पण कीबोर्ड मात्र इंग्रजीच ठेवा आणि मराठी नंतर जोडा. पासवर्ड देवनागरी कीबोर्डवर टाइप झाला आणि लॉगिनच्या पडद्यावर इंग्रजी कीबोर्ड आला, तर बरोबर पासवर्ड टाकूनही आत जाता येत नाही.

मदत मागण्याआधी

इतके करूनही अडलेच तर माहितगाराला विचारा, पण 'हँग होतोय' एवढेच सांगून चालणार नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांची नावे द्या. लाइव्ह सत्र चालत असेल आणि त्यात 'इनक्सी -एफएक्सझेड' ही आज्ञा असेल तर ती हे सगळे एका पानावर देते: आय-एन-एक्स-आय, जागा, हायफन, मोठा एफ, छोटे एक्स आणि झेड. शेवटच्या झेडमुळे तुमच्या मशीनचे खासगी क्रमांक झाकले जातात. डिस्ट्रोचे नाव आणि आवृत्ती, पेनड्राइव्ह कशाने बनवला, कोणत्या टप्प्यावर अडकते, कॅप्स लॉकचा दिवा चालतो की नाही, आणि आतापर्यंत कायकाय करून पाहिले ते लिहा. पडद्यावरच्या शेवटच्या ओळींचा सरळ, न हललेला फोटो जोडा. कॉलेजात शिकणारा शेजारचा मुलगा असो की दुकानातला कारागीर, एवढी माहिती हातात असली तर तो अंदाजाने सुटे भाग बदलायला लावणार नाही.